आयर्लंडमधले संतांचे सण : नव्याने आलेल्यांसाठी पायरीपायरीने

आयर्लंडला नव्याने आलेल्या मराठी माणसाची इथल्या संतांशी पहिली भेट ऑफिसच्या सुट्ट्यांच्या यादीत होते. यादीत फेब्रुवारीतला एक सोमवार असतो, १७ मार्च असतो, २६ डिसेंबर असतो. १७ मार्चला आपण डब्लिनच्या गर्दीत हिरवी टोपी घालून उभे राहतो, पुढच्यांच्या पाठी बघतो, पावसात भिजतो आणि घरी येऊन चहा टाकतो. वर्षानुवर्षं इथे राहूनही अनेकांची मजल एवढ्यावरच थांबते, कारण बाकीचं कुणी सांगितलेलंच नसतं.

हा लेख त्या बाकीच्यासाठी. आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: इथला सण आदल्या दिवशीच्या संध्याकाळी लागतो, आणि तो गावागणिक बदलतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला उठून बाहेर पडलात तर निम्मा सण आदल्या रात्रीच उरकलेला असतो. आणि शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जे जोरात चालतं ते तुमच्या काउंटीत कुणाला ठाऊकही नसेल.

दुसरी शंका सगळ्यांनाच असते: आपण ख्रिस्ती नाही, गेलं तर चालेल का? खुशाल जा. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा. फक्त मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनेत, कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी रांग लागते ती कॅथलिकांसाठी असते, तेव्हा जागेवरच बसून राहा. प्रसाद समजून हात पुढे करू नका. (वसईकडच्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.)

जवळ काय असावं

- पाणी न शिरणारे बूट आणि टोपीचा रेनकोट. छत्री वाऱ्यात टिकत नाही.
- सुट्टी नाणी आणि थोडी रोख. पेटी फिरवणाऱ्या मंडळींकडे कार्ड चालेलच असं नाही.
- सुती किंवा लिननचं एक फडकं आणि साधी रिबीन. का, ते पुढे येईल.
- कात्री, दोरा किंवा रबरबँड.
- टॉर्च. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो.
- भरतीओहोटीचं वेळापत्रक, समुद्रकाठच्या जागी जाणार असाल तर.
- कागदपत्रं कसलीच नाहीत. नावनोंदणी लागते ती फक्त वाचनालयातल्या नाहीतर संग्रहालयातल्या कार्यशाळांना.

१. आपलं कॅलेंडर आपणच लिहा

छापील कॅलेंडरवर विसंबू नका. फ्रिजवर चिकटवायला ही यादी घ्या:

- ३१ जानेवारी संध्याकाळ ते १ फेब्रुवारी: संत ब्रिजिड
- ३ फेब्रुवारी: संत ब्लेझ
- ११ फेब्रुवारी: संत गॉबनेट
- १४ फेब्रुवारी: संत व्हॅलेंटाइन
- १७ मार्च: संत पॅट्रिक
- ९ जून: संत कोलमकिल
- २३ जूनची रात्र: संत जॉन
- २४ जुलै: संत डेक्लन
- जुलैचा शेवटचा रविवार: क्रोक पॅट्रिक डोंगराची यात्रा
- १० नोव्हेंबरची संध्याकाळ: संत मार्टिन
- २६ डिसेंबर: संत स्टीफन

पहिला सापळा इथेच आहे. ब्रिजिडची सार्वजनिक सुट्टी २०२३ पासून मिळते, पण ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते. १ तारीख शुक्रवारी आली तरच सुट्टी त्या शुक्रवारी, आणि तसं २०३० मध्ये होईल. म्हणजे सुट्टी एका दिवशी आणि सण दुसऱ्याच दिवशी असं बहुतेक वर्षी होणार. तुम्ही उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्ट किंवा डेरीला राहत असाल तर तिथलं राज्य वेगळं, सुट्ट्याही वेगळ्या: १७ मार्चची आहे, ब्रिजिडची नाही.

२. तुमच्या गावाचा संत शोधून काढा

यादीतले संत देशभर माहीत असलेले. पण जवळजवळ प्रत्येक पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचा) स्वतःचा एक संत असतो, त्याची एक विहीर असते आणि त्याचा एक दिवस असतो. तो शोधायचे तीन मार्ग.

पहिला, चर्चच्या दाराशी ठेवलेलं साप्ताहिक पत्रक. फुकट असतं, दोन-चार पानांचं, आणि त्यात यात्रेची, विहिरीवरच्या प्रार्थनेची वेळ असते. दुसरा, पोस्टात नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे देताना विचारा. 'इथे जवळ पवित्र विहीर कुठे आहे?' एवढ्या एका प्रश्नावर मागची रांग खोळंबली तरी चालेल अशा थाटात उत्तर मिळतं.

तिसरा मार्ग माझा आवडता. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या देऊन सांगितलं गेलं, की आजी-आजोबांकडून गावच्या गोष्टी, औषधं, सणांच्या रीती लिहून आणा. त्या वह्या आज 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, आणि गावाच्या नावाने शोधता येतात. तुमच्या वसाहतीच्या जागी जे शेत होतं त्या शेतात कुणाची विहीर होती, तिचं पाणी डोळ्यांना लावायचं की दाढदुखीला, हे दहा-बारा वर्षांच्या पोराच्या वळणदार अक्षरात समोर येतं. भाड्याच्या घराकडे बघायची नजरच बदलते.

३. ३१ जानेवारी : ब्रिजिडची रात्र

सुरुवात इथूनच करा. हा सण घरात होतो, खर्च जवळजवळ शून्य, आणि अपार्टमेंटमध्येही जमतो.

ब्रिजिड ही पॅट्रिकच्या जोडीची आयर्लंडची संत. किल्डेअरला तिने मठ स्थापला, आणि इ.स. ५२५ च्या सुमारास ती वारली असं मानतात. त्याच दिवशी जुना इंबोल्क हा वसंतारंभाचा सणही असतो, त्यामुळे संत कुठे संपते आणि देवी कुठे सुरू होते यावर इथे दरवर्षी वाद रंगतो. आपण त्यात पडू नये. दोन्ही बाजूंचे लोक क्रॉस तोच विणतात.

*अ) फडकं बाहेर ठेवा.* सूर्यास्ताच्या आधी फडकं खिडकीच्या बाहेर किंवा झुडपावर ठेवायचं. रात्री ब्रिजिड त्या वाटेने जाते आणि त्याला स्पर्श करते अशी श्रद्धा. पहाटे ते आत घ्यायचं आणि वर्षभर जपून ठेवायचं. डोकं दुखलं की कपाळाला, घसा धरला की गळ्याला. पूर्वी बाळंतिणीच्या आणि व्यायला आलेल्या गाईच्याही अंगावर घालत. तेच फडकं दरवर्षी बाहेर ठेवलं तर गुण वाढत जातो, सात वर्षांनी पूर्ण येतो, असंही म्हणतात. व्यवहाराची गोष्ट एवढीच की ते नीट बांधा. जानेवारीचा वारा ब्रिजिडच्या आधी येऊन फडकं शेजारच्या काउंटीत नेतो.

*आ) क्रॉस विणा.* ओलसर शेतांच्या कडेला लव्हाळ्यासारखं गोल दांड्याचं, आतून स्पंजासारखं गवत उगवतं. त्याच्या वीस-तीस हिरव्या काड्या लागतात. रीत अशी की त्या कापायच्या नाहीत, उपटायच्या. शेत कुणाचं तरी असतं, म्हणून आधी विचारा. या कामासाठी सहसा कुणी नाही म्हणत नाही. शहरात असाल तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सार्वजनिक वाचनालयांत कार्यशाळा असतात, काड्या तेच देतात.

१. एक काडी उभी धरा.
२. दुसरी काडी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अडकवा. तिची दोन्ही टोकं उजवीकडे असू द्या.
३. जोड चिमटीत घट्ट धरा आणि सगळंच घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरी फिरवा. उजवीकडची टोकं आता वर गेली.
४. नवी काडी दुमडून त्या वर गेलेल्या टोकांवरून अडकवा, मध्याला चिकटवून. हिची टोकं पुन्हा उजवीकडे.
५. पुन्हा पाव फेरी, पुन्हा नवी काडी. चारही बाजूंना पाच-सहा काड्या होईपर्यंत हेच.
६. चारही हात टोकाशी दोऱ्याने बांधा आणि कात्रीने सारखे करा.

सगळी मेख चिमटीत आहे. फोन वाजला आणि अंगठा उचलला की सगळं उलगडलं. काड्या वाळल्या असतील तर दुमडताना तडकतात, म्हणून तासभर पाण्यात टाका. तयार क्रॉस दाराच्या वर आतल्या बाजूला लावायचा. आग, वीज आणि उपासमारीपासून घर राखतो. जुन्या घरांत मागच्या वर्षांचे क्रॉसही आढ्याला तसेच खोचलेले असायचे. १९६१ च्या शेवटच्या रात्री आयर्लंडची दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा तिच्या बोधचिन्हातही हाच क्रॉस होता.

एक सूचना मात्र खास आपल्यासाठी. मधला चौकोन आणि किंचित सरकलेले चार हात पाहून आपल्याला पटकन स्वस्तिक आठवतं. आठवू द्या, पण वर्गात किंवा ऑफिसात ते बोलून दाखवू नका. युरोपात त्या शब्दाने लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं ते ठाऊक आहेच. तुम्ही कौतुकाने बोलाल आणि खोलीत शांतता पसरेल.

*इ) बाहेर जायचं असेल तर.* किल्डेअरला डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकावरून थेट गाडी आहे. गावात ब्रिजिडच्या नावाचं कथीड्रल, गावाबाहेर टुलीला तिची विहीर, आणि 'सोलस ब्रीज' हे ख्रिस्ती जोगिणींचं केंद्र. ब्रिजिडच्या मठात अखंड तेवणारा अग्नी होता असं बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्सने नोंदलं आहे. तो पुढे विझला, आणि १९९३ मध्ये पुन्हा लावला गेला. केरीच्या किलॉर्ग्लिन भागात जाऊ शकलात तर 'बिडी बॉइज' बघा: पांढरे कपडे, डोक्यावर पेंढ्याच्या उंच विणीच्या टोप्या, हातात ब्रिजिडची बाहुली, सोबत वाद्यं, आणि घरोघर नाच.

४. ३ आणि १४ फेब्रुवारी : लहानसे दोन

३ तारखेला बहुतेक कॅथलिक चर्चमध्ये मिस्सेनंतर संत ब्लेझचा आशीर्वाद देतात. दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून फादर त्या तुमच्या गळ्याला टेकवतात, घशाचे विकार होऊ नयेत म्हणून. इथे मात्र रांगेत खुशाल उभे राहा, हा नुसता आशीर्वाद आहे. मेणबत्त्या पेटवलेल्या नसतात, स्कार्फ काढायला घाबरू नका.

१४ तारखेला डब्लिनमध्ये असाल तर व्हाइटफ्रायर स्ट्रीटच्या चर्चमध्ये डोकवा. व्हॅलेंटाइनच्या अस्थींची म्हणून मानलेली, पोपने दिलेली पेटी १८३६ मध्ये डब्लिनला आली, ती तिथे आहे. त्या दिवशी अंगठ्यांना आशीर्वाद देतात, आणि समोरच्या वहीत लोक आपलं मागणं लिहून जातात. दुसऱ्यांची पानं चाळू नका.

५. ११ फेब्रुवारी : रिबीन घेऊन बॅलीव्हूर्नीला

एकच जागा निवडायची झाली तर मी ही निवडेन. कॉर्कहून किलार्नीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅलीव्हूर्नी हे आयरिश बोलणाऱ्या मुलखातलं गाव. गॉबनेट ही मधमाश्यांची संत. देवदूताने तिला सांगितलं, नऊ पांढरी हरणं दिसतील तिथेच थांब. एका ठिकाणी तीन दिसली, पुढे सहा दिसली, आणि इथे नऊ. गुरं पळवायला आलेल्या चोरांवर तिने मधमाश्या सोडल्या, हीही तिचीच गोष्ट.

तिची मध्ययुगातली लाकडी मूर्ती एरवी लोकांना दिसत नाही. ११ फेब्रुवारीला ती चर्चमध्ये मांडतात. मूर्ती लहान, हातभराहून जराशी मोठी, आणि इतक्या शतकांच्या हाताळणीने झिजलेली, नाकडोळे जेमतेम कळतात. लोक आपापली रिबीन घेऊन रांगेत येतात. रिबीन आधी मूर्तीच्या डोक्यापासून पायापर्यंत लावायची, मग मूर्तीभोवती गुंडाळायची, आणि 'माप' घेतलेली ती रिबीन गुंडाळून खिशात ठेवायची. घरात कुणी आजारी पडलं की ती त्याच्या हाताला बांधतात. परदेशी गेलेल्या मुलांना पाकिटातून पाठवतात. रांगेत एकेक जण चार-चार रिबिनी घेऊन उभा असतो, सुनेसाठी, भाच्यासाठी, गोठ्यासाठी, आणि मागचा माणूस कुरकुरत नाही.

रिबीन घरूनच न्या, एकीपेक्षा जास्त न्या. मूर्तीपाशी फोन काढायचा असेल तर आधी शेजारच्याला विचारा. चर्चनंतर वर टेकडीवर तिच्या कबरीभोवतीच्या फेऱ्या असतात. तिथे दगडावर लहान खड्याने फुली ओढायची रीत आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओढण्याने त्या फुल्या खोल गेल्या आहेत. आधीच्याच फुलीवरून खडा फिरवायचा, नवीन कोरायची नाही.

६. १७ मार्च : मिरवणुकीच्या पलीकडे

याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून फक्त चुकणाऱ्या गोष्टी सांगते.

शॅमरॉक, म्हणजे पॅट्रिकची खूण असलेलं छोटं हिरवं रोप, तीन पानांचा. चार पानांचा क्लोव्हर हा नशिबाचा, पॅट्रिकचा नव्हे. कपड्यांवर चार पानं छापलेली असतील तर तो माल पर्यटकांसाठी आहे. खरी जुडी सणाच्या आधीच्या दिवसांत दुकानांत मिळते, ती कोटाला डाव्या बाजूला टाचायची. सकाळच्या मिस्सेला पुष्कळ ठिकाणी तिला आशीर्वाद देतात. सणाला लाडाने म्हणायचं झालं तर 'पॅडीज डे' म्हणा. 'पॅटीज डे' हे अमेरिकेतून येतं आणि ते ऐकून इथला शांत माणूसही चिडतो.

मिरवणूक बघायचीच असेल तर छोट्या गावात जा. ट्रॅक्टर, अग्निशमन दलाचा बंब, हर्लिंग या खेळाच्या काठ्या घेतलेली मुलं, आणि अलीकडे बऱ्याच गावांत भारतीयांचा एखादा गटही. आयर्लंडमधली पहिली मिरवणूक १९०३ साली वॉटरफर्डला निघाली, त्याच वर्षी हा दिवस सार्वजनिक सुट्टीचा झाला. डब्लिनची सरकारी मिरवणूक १९३१ पासूनची.

दारूबद्दल: आजचा धिंगाणा पाहून खरं वाटणार नाही, पण १९२७ च्या कायद्याने या दिवशी पब बंद असत, आणि १९६० च्या आसपास ती बंदी उठेपर्यंत डब्लिनमध्ये पेयपानाची उघड जागा म्हणजे कुत्र्यांचं प्रदर्शन. त्या काळात श्वानप्रेमींची संख्या बरीच असे म्हणतात. जुनी रीत दिवसाच्या शेवटी 'शॅमरॉक बुडवण्याची': कोटावरची जुडी शेवटच्या पेल्यात टाकायची, पेला संपवायचा आणि ती डाव्या खांद्यावरून मागे फेकायची. मुलं बरोबर असतील तर शहराच्या मध्यातून दुपारी चारच्या आत बाहेर पडा.

शेतकऱ्यांचा हिशेब वेगळाच आहे. ब्रिजिड म्हणते, माझ्या दिवसापासून एक दिवसाआड चांगला. पॅट्रिक म्हणतो, माझ्यापासून रोज चांगला. बटाटे लावायला हात घालायचा तो या दिवसाच्या आसपास. हवामान मात्र दोघांचंही फारसं ऐकत नाही.

७. २३ जून : जॉनची आग

गोव्याकडच्या वाचकांना २४ जूनचं सांजांव माहीत आहे: डोक्यावर पानाफुलांचं कोपेल आणि विहिरीत उड्या. तोच संत जॉन, पण आयर्लंडमध्ये त्याच्या आदल्या रात्री शेकोट्या पेटतात. मेयो, गॉलवे, रॉसकॉमन या पश्चिमेकडच्या काउंट्यांत आणि कॉर्क शहरात विशेष. पूर्वी आगीवरून उड्या मारत, गुरांना धुराजवळून नेत, आणि विझत आलेले निखारे शेतात टाकत, पीक चांगलं यावं म्हणून. आजही खेड्यांत सूर्यास्ताच्या वेळी, म्हणजे रात्री दहानंतर, वाडीतली मंडळी खुर्च्या घेऊन जमतात.

इथे सापळे दोन. आग स्वतः पेटवू नका: घरचा कचरा, टायर, रंगवलेलं लाकूड जाळणं बेकायदा आहे, आणि १ मार्च ते ३१ ऑगस्ट पडीक जमिनीवरचं गवत-झुडूप जाळायलाही वन्यजीव कायद्याने बंदी आहे. कुणी बोलावलं तर जा, जाताना कोरडं लाकूड न्या. कॉर्कमध्ये नगरपालिका त्या संध्याकाळी उद्यानांत मुलांचे कार्यक्रम ठेवते, ते बरे. दुसरा सापळा उत्तर आयर्लंडमधला. तिथे ११ जुलैच्या रात्री ज्या प्रचंड होळ्या पेटतात त्यांचा जॉनशी काही संबंध नाही. त्या राजकीय आहेत, आणि नवख्याने तिथे सहज म्हणून फिरकू नये.

८. विहिरीवरच्या फेऱ्या

गावच्या संताच्या दिवसाला इथे 'पॅटर्न' म्हणतात. एकेकाळी ही पूर्ण जत्रा असे: सकाळी प्रार्थना, दुपारी खेळ आणि दुकानं, संध्याकाळी दारू आणि हाणामारी. शेवटच्या भागामुळे धर्मगुरूंनीच बऱ्याच जत्रा बंद पाडल्या. ग्लेंडलॉकची संत केव्हिनची जत्रा १८६२ मध्ये कार्डिनल कलन यांनी बंद केली. टिकल्या त्या शांत झाल्या.

फेरी करायची ती अशी. विहिरीपाशी आल्यावर जितक्या फेऱ्या तितके खडे उचला. आकडा सहसा विषम असतो, तीन, सात किंवा नऊ. आपल्या प्रदक्षिणेसारखंच, सूर्याच्या दिशेने, उजवा हात विहिरीकडे ठेवून चालायचं. प्रत्येक फेरीला प्रार्थना, मग एक खडा टाकायचा. शेवटी पाणी प्यायचं किंवा दुखऱ्या जागेला लावायचं. जवळच्या झाडावर अंगावरच्या कापडाची चिंधी बांधतात. चिंधी कुजत जाते तसं दुखणं जातं.

आता चुका. उलटी फेरी कधीही मारू नका, ती शाप द्यायची रीत समजतात, आणि म्हातारी माणसं खरंच बिचकतात. नायलॉनच्या रिबिनी, प्लॅस्टिक बांधू नका. ते कुजत नाही, म्हणजे मूळ हेतूच गेला, शिवाय झाडाचा गळा आवळतो. झाडावरची दुसऱ्याची वस्तू काढू नका. पाणी उघड्यावरचं असतं, गुरं जवळ चरत असतात, तेव्हा पिण्याऐवजी कपाळाला लावलंत तरी चालतं. उकळून घेऊ म्हणाल तर गावकरी सांगतील, पवित्र विहिरीचं पाणी कधी उकळतच नाही. विहीर शेतात असेल तर फाटक जसं होतं तसंच ठेवून निघा.

पहिल्या वर्षासाठी दोन जागा सुचवते. वॉटरफर्डमधलं आर्डमोर: संत डेक्लनचा दिवस २४ जुलै, समुद्रकाठी उंच गोल मनोरा, तिथली विहीर, आणि वाळूत दोन खडकांवर टेकलेला एक मोठा धोंडा. तो वेल्सहून डेक्लनची घंटा घेऊन तरंगत आला म्हणतात. त्याच्याखालून सरपटत गेलं की पाठदुखी जाते, मात्र पापी माणूस अडकतो अशी दंतकथा आहे. ओहोटी पाहूनच उतरा. दुसरी, डोनेगॉलमधलं ग्लेनकोलमकिल: ९ जूनला पंधरा टप्प्यांची फेरी, कोरीव उभ्या दगडांपासून दगडांपर्यंत, सुमारे पाच किलोमीटर, आणि भाविक ती अनवाणी करतात. चिखल आणि ओढा दोन्ही वाटेत आहेत. तुम्ही बूट घालून गेलात म्हणून कुणी हटकणार नाही.

९. जुलैचा शेवटचा रविवार : क्रोक पॅट्रिक

ही पॅट्रिकच्या सणाची तारीख नव्हे, पण त्याची सर्वात मोठी यात्रा हीच. मेयोमधला ७६४ मीटर उंचीचा हा डोंगर. इथे त्याने चाळीस दिवस उपास केला अशी परंपरा. चढाई वेस्टपोर्टजवळच्या मरिस्कपासून. सह्याद्री पायाखाली घातलेल्यांनी उंचीवरून अंदाज बांधू नये: शेवटचा सुळका सुट्या दगडांचा आहे, आणि माथ्यावर जुलैतही थंडगार ढग असतात. काठी लागतेच, ती पायथ्याशी मिळते. जाऊन-येऊन तीन-चार तास धरा, आणि पहाटे निघा. वाटेवर तीन 'स्टेशनं', म्हणजे थांबून प्रार्थना करायच्या जागा आहेत. पहिल्यापाशी सात फेऱ्या, माथ्यावर १९०५ सालच्या चॅपेलभोवती पंधरा फेऱ्या. काही जण सगळं अनवाणी करतात. त्यांच्या पायांकडे रोखून बघू नका, फोटो तर नाहीच.

१०. नोव्हेंबर आणि डिसेंबर

मार्टिनची रीत आता जवळजवळ गेलीच. १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी कोंबडा कापून रक्त उंबऱ्यावर आणि घराच्या चार कोपऱ्यांत शिंपडत. ११ ला चाक फिरवायचं नाही, म्हणजे सूतकताई बंद, दळण बंद. वेक्सफर्डचे कोळी त्या दिवशी समुद्रात जात नसत. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी ओळख असेल तर विचारून बघा, बोलायला आवडतं.

२६ डिसेंबरला मात्र पुरता दंगा. याला 'बॉक्सिंग डे' म्हणू नका, इथे तो 'स्टीफन्स डे'. रेन नावाचा चिमणीहून लहान पक्षी. त्याने पानांत खडखड करून लपलेल्या स्टीफनला पकडून दिलं म्हणे, म्हणून त्या दिवशी पोरं त्याची शिकार करून, काठीला बांधून घरोघर पैसे मागत. आज पक्षी खोटा असतो. पेंढ्याचे झगे, तोंडाला टोकदार पेंढ्याचे मुखवटे, ढोल आणि बासऱ्या. केरीतल्या डिंगल गावात आळीआळीचे गट असतात, प्रत्येकाचे रंग वेगळे, पुढे पांढरा लाकडी घोडा, आणि दुपारपासून रात्रीपर्यंत तेच रस्ते पुन्हा पुन्हा. जमा होणारा पैसा बहुधा धर्मादाय कामाला जातो. डब्लिनकरांनी सँडीमाउंटच्या मैदानावर जावं, तिथे मुलांनाही झेपेल इतपत आवाज असतो.

डिंगलला जायचं तर २४ तारखेलाच पोहोचा. गावात रेल्वे नाही, २५ ला सार्वजनिक वाहतूक बंद असते आणि २६ ला फार तुटपुंजी. पेंढ्याच्या झग्यांजवळ सिगारेट पेटवू नका. घोडा तुमच्या अंगावर धावून आला तर पळू नका, त्याच्या जबड्यासमोर नाणं धरा आणि बाजूला व्हा.